खुलासा: ‘स्वादुपिंडाच्या कॅप्सूल घ्या, इन्सुलिन बंद करा’ हा मेसेज चुकीचा आहे

ठाणे-ऐरोली-वाशीकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या फिरतंय: स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यावर वाढलेली साखर म्हणजे साधा टाइप 2 मधुमेहच असतो, स्वादुपिंडाच्या पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल घेतल्या की इन्सुलिन सुटतं.

तसं नाही. वारंवारच्या सुजेने, शस्त्रक्रियेने किंवा गाठीमुळे स्वादुपिंडच खराब झालं, तर होणाऱ्या मधुमेहाला टाइप 3सी म्हणतात. त्यावर टाइप 2चा शिक्का सहज बसतो, कारण साखरेचा रिपोर्ट दोन्हींत सारखाच दिसतो. यात इन्सुलिनबरोबर ग्लुकागॉनही (साखर वाढवणारं संप्रेरक) कमी पडतं. म्हणून साखर एकदम खाली गेली तर शरीर स्वतःहून सावरत नाही. डोस मनाने वाढवणं घातक आहे आणि बंद करणंही.

कॅप्सूल अन्न पचवते, साखर उतरवत नाही. उलट पचन सुधारलं की सुरुवातीला साखर थोडी वाढूही शकते. कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यायची. उपाशीपोटी घेतली तर वायाच.

शौच तेलकट, फिकट, पाण्याने न वाहणारं असेल, वजन उतरत असेल, तर डॉक्टरांना ‘फीकल इलास्टेज’ (शौचातलं स्वादुपिंडाचं एन्झाइम मोजणारी) तपासणीबद्दल विचारा. 200 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली आलं तर पचनरस कमी असल्याचा संशय. नमुना मात्र पातळ जुलाबाचा नको, आकडा खोटा कमी येतो. जोडीला सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटाचा सीटी किंवा एमआरआय यांबद्दलही विचारा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका.