ब्लुमेनाउ: मेसेजमधलं आणि नदीकाठचं

ब्राझीलमधल्या ‘मिनी जर्मनी’चा, म्हणजे ब्लुमेनाउ शहराचा, एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. सार असं: दुसरं महायुद्ध हरल्यावर पळालेल्या जर्मनांनी निर्मनुष्य जंगलात हे शहर वसवलं, त्यांची दीडशे वर्षांची लाकडी घरं अजून उभी आहेत, ऑक्टोबरफेस्ट तेव्हापासून चालत आलाय, आणि तिथे आजही सगळे जर्मनच बोलतात. शेवटी हात जोडलेले, आणि ‘बघा, संस्कृती अशी जपतात!’

महायुद्ध संपून शंभर वर्षंही झालेली नाहीत, आणि घरं मात्र दीडशे वर्षांची! पुढे ढकलण्याआधी ही वजाबाकी तरी करायची.

शहराची स्थापना २ सप्टेंबर १८५० ची. हेर्मान ब्लुमेनाउ या औषधशास्त्र शिकलेल्या गृहस्थाने इताजाई-आसू नदीकाठी वसाहत सुरू केली, पहिल्या खेपेला १७ जण आले. हिटलर सोडाच, एकसंध जर्मनीसुद्धा तेव्हा जन्मायची होती. नाझी पक्षाची माणसं इथे होती हे खरं, पण ती १९३० च्या दशकात, युद्धाच्या आधी. पळून येऊन शहर वसवणारी नव्हेत.

मला जास्त खटकलं ते हे, की हिटलरच्या नादात फ्रित्स म्युलर राहून गेला. हा निसर्ग-अभ्यासक १८५२ मध्ये इथे आला, जंगल तोडून शेती केली आणि फुलपाखरं न्याहाळत बसला. चवीला वाईट असलेल्या दोन वेगळ्या जाती एकसारख्या का दिसतात? कारण एकीचा घास घेऊन थुंकलेला पक्षी दुसरीच्याही वाटेला जात नाही. धडा एकदाच शिकवावा लागतो, किंमत दोघीत वाटली जाते. हे त्याने १८७८ मध्ये मांडलं. डार्विनशी त्याचा पत्रव्यवहार होता. त्याच्या घरात आज संग्रहालय आहे. ब्लुमेनाउला गेलात तर आधी तिथे जा.

आता घरं. मेसेजसोबतच्या फोटोत जो ‘किल्ला’ दिसतो, तो १९७८ मध्ये दुकान म्हणून बांधला. जर्मनीतल्या मिशेलश्टाट गावच्या १४८४ च्या नगरभवनाची ती नक्कल. त्याच दशकात नगरपालिकेने असा जुन्या जर्मन घरासारखा दर्शनी भाग करणाऱ्यांना करात सवलत दिली, मग काय, सिमेंटच्या भिंतींवर लाकडी पट्ट्या चढल्या. अस्सल घरात त्या पट्ट्या शोभेच्या नसतात, घर त्यांच्यावरच उभं असतं. तुळया खाचा पाडून एकमेकींत बसवायच्या, लाकडी खुंट्या ठोकायच्या, मधल्या चौकटी विटांनी भरायच्या. कुठली तुळई कुठे बसते हे कळावं म्हणून सुतार त्यांवर रोमन आकडे कोरत. अशी घरं बघायची तर शहराच्या उत्तर टोकाला विला इतोउपावा भागात, नाहीतर शेजारच्या पोमेरोडीला जावं. ते गाव १९५९ मध्ये ब्लुमेनाउपासून वेगळं झालं.

ऑक्टोबरफेस्ट? पहिला १९८४ चा. जुलै १९८३ मध्ये नदी १५.३४ मीटरवर चढली, शहर बुडालं. सावरतंय तोवर ऑगस्ट १९८४ मध्ये पुन्हा १५.४६ मीटर. त्यानंतर दोनच महिन्यांनी, खचलेल्या शहरात चार पैसे आणि थोडा धीर यावा म्हणून, हा उत्सव भरवला. परंपरेपेक्षा मला हे कारण मोठं वाटतं. जुनं काही चाखायचंच असेल तर कूका खा: जर्मन केक, वर लोणी-साखर-मैद्याचा चुरा, आणि मध्ये केळी. ती केळी जर्मनीची नव्हेत.

भाषेबद्दल फार बोलायला नको. २०२२ च्या जनगणनेत शहराची वस्ती ३ लाख ६० हजारांच्या वर होती, आणि रस्त्यावर पोर्तुगीजच ऐकू येते. जर्मन काही घरांत टिकून आहे. १९३८ पासून ब्राझीलच्या व्हार्गास सरकारने परभाषी शाळा बंद पाडल्या. १९४२ मध्ये, युद्धाच्या काळात, तर चारचौघांत जर्मन बोलणंही गुन्हा ठरलं. ‘जपली’ म्हणताना हे माहीत हवं.

राहिलं ‘निर्मनुष्य जंगल’. तिथे शोक्लेंग आदिवासी राहत होते. वसाहत वाढली तशी त्यांना मारायला पैसे देऊन टोळ्या पाठवल्या गेल्या. त्या टोळीवाल्यांना ‘बुग्रेरो’ म्हणत. १९१४ मध्ये तह झाला आणि उरलेले नदीच्या वरच्या अंगाला राखीव जमिनीत एकवटले. पुढे ब्लुमेनाउचा पूर आवरायला उत्तर धरण बांधलं, १९७६ ते १९९२, नेमकं त्याच जमिनीत. म्हणजे ते धरणग्रस्तही झाले. ऑक्टोबर २०२३ च्या पावसात खालची शहरं वाचवायला धरणाचे दरवाजे बंद करायचे ठरले, तेव्हा शोक्लेंग आडवे आले आणि पोलीस बंदोबस्तात दरवाजे बंद झाले. पाणी त्यांच्या वस्त्यांकडे चढलं.