चातुर्मासात बँडवाले काय करतात?

मुंबईहून जॅझचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेल्या संगीताचा, बँड बोलवायचा आणि सोलापुरात विडी कामगारांच्या घरकुलात नाहीतर पूर्वभागातल्या एखाद्या वस्तीत फुकट कार्यक्रम करायचा, असा बेत आमच्या एका ग्रुपवर शिजतोय. 'वंचितांच्या दारी जिवंत संगीत' असं नावही ठरलंय. कुठल्याशा कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकामासाठीच्या निधीतून, पैसे मिळतील म्हणे. मिळतीलही, कंपनी कायद्याच्या यादीत कला-संस्कृती बसते. मी तिथं एवढंच लिहिलं की बेत चांगला आहे, फक्त उलट्या बाजूनं धरलाय. त्यावर दोघातिघांनी 'म्हणजे काय ओ?' विचारलं. ग्रुपवर लांबलचक लिहिलं की लोक म्यूट करतात, म्हणून इथं लिहिते.

या बेतामागं उदाहरण दिलं जातंय ते न्यूयॉर्कच्या 'जॅझमोबाइल'चं. हार्लेम या काळ्या लोकांच्या भागात १९६४ साली पियानोवादक बिली टेलर आणि डॅफ्ने आर्नस्टीन यांनी ही संस्था काढली. गाडीवर स्टेज बांधायचं, गल्लीत नेऊन उभं करायचं, तिकीट लावायचं नाही. ज्या हार्लेममध्ये जॅझ वाढला, तिथल्याच पोरांना तो समोर बसून ऐकायची सोय उरली नव्हती. संस्था आजही चालू आहे, उन्हाळ्यात तिचे फुकट कार्यक्रम असतात, शिवाय पोरांसाठी शनिवारची वादनशाळा निघाली. टेलर जॅझला अमेरिकेचं शास्त्रीय संगीत म्हणायचे. मला ते फारसं पटत नाही. शास्त्रीय म्हटलं की आधी खुर्च्या येतात, मग पास येतात, मग पहिल्या दोन रांगा राखीव होतात. पण माणूस गाडी घेऊन गल्लीत गेला, त्यामुळं त्याला सगळं माफ.

आता यातली गोम बघा. हार्लेममध्ये बाहेरून काही आणलेलं नव्हतं. संगीत त्यांचंच होतं आणि वाजवणारे पोटापाण्यासाठी वाजवणारे, पैसे घेऊन येणारे कलावंत होते. कुणी कुणाला संस्कृती शिकवायला गेलं नव्हतं. आपल्या बेतात नेमकं तेवढंच गळालंय. आपण गाडी उचलली आणि माणसं मुंबईची घेतली.

ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, मोठा ड्रम. जॅझची ही वाद्यं सोलापुरात गेली कित्येक वर्षं वाजतायत. फक्त ती लाल कोट घालून वरातीपुढं चालतात, म्हणून आपल्याला दिसत नाहीत. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात जॅझ जन्मला तोही अशाच रस्त्यावरच्या बँडांमधून. तिथं अंत्ययात्रेला बँड असायचा, जाताना संथ आणि परतताना नाचायला लावणारा. पुढं जॅझचा नामांकित ट्रम्पेटवाला झालेला लुई आर्मस्ट्राँग ११ वर्षांचा असताना हवेत पिस्तूल उडवलं म्हणून पोलिसांनी धरला, त्याची रवानगी पोरांच्या सुधारगृहात झाली, आणि तिथल्या बँडमध्ये त्याच्या हातात कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखंच आखूड वाद्य, आलं. आपल्याकडं हा बँड इंग्रजांच्या पलटणीतून आणि संस्थानांतून लग्नात उतरला. तिकडं गोव्याचे ख्रिस्ती वादक मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचे आणि तेच सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसायचे. चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवाला संगीतकार सी. रामचंद्रांकडं होता. रामचंद्रांच्या त्या चाली वरातीत वाजल्या, म्हणजे जॅझ आपल्या दारावरून कधीच गेलाय, नवरदेवाच्या घोड्यापुढं.

माझे सासरे बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. वाद्य मेरठचं, जुनं, एका किल्लीची स्प्रिंग गेलेली, तिथं रबर बांधलेलं. वरात निघायच्या आधी रीड, म्हणजे क्लॅरिनेटची वेताची पट्टी, तोंडात धरून बसायचे, कुणी बोललं तरी हूं की चूं नाही. नवऱ्याचे मित्र हमखास ती बीनची धून मागायचे, रुमाल दातात धरून जमिनीवर लोळायचे आणि उठायलाच तयार नसायचे. मग तीच धून ओढत न्यायची. मामंजी आधी सरळ वाजवायचे, मग वरच्या सुरात जाऊन तिला मुरडायचे, मध्येच एखाद्या कानडी भजनाचा तुकडा लावून परत यायचे, आणि साइड ड्रमवाला त्यांच्याकडं तिरकं बघत ठेका बदलायचा. दोन वराती कधी सारख्या झाल्या नाहीत. एकदा मी त्यांना मोबाइलवर न्यू ऑर्लिन्सच्या सिडनी बेशेचं क्लॅरिनेट ऐकवलं. डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "हा बी वरातीतलाच दिसतोय की." बेशे तरुणपणी तिथल्या मिरवणुकांत वाजवायचा, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तर हे लोक आहेत. कमी झालेत, पण आहेत. कमी का झाले ते सांगायला नको. डीजे आला. एक टेम्पो, एक पोरगा, भिंतीएवढे स्पीकर. बँडला माणसं लागतात, माणसांना चहा लागतो, दम घ्यायला वेळ लागतो. मशिन आलं की माणूस घरी बसतो हे ज्या गावानं मिलच्या भोंग्यापासून रॅपियर लूम या आधुनिक मागापर्यंत पाहिलंय, त्याला यात नवीन काय.

पण अमेरिकेतल्या वादकांनी यावर काय केलं ते ऐका, मला जॅझमोबाइलपेक्षा हे जास्त कामाचं वाटतं. १ ऑगस्ट १९४२ पासून तिथल्या वादकांच्या युनियननं रेकॉर्डिंग बंद केलं. जेम्स पेट्रिलो त्यांचा अध्यक्ष, स्वतः एकेकाळचा ट्रम्पेटवाला. त्यांचं म्हणणं असं की आम्ही एकदा वाजवून ठेवतो, तीच तबकडी हॉटेलात आणि रेडिओवर हजार वेळा वाजते आणि आमच्याच भावाचं काम जातं. दोन वर्षांहून जास्त ताणलं. त्या काळात वाद्यं मिळेनात म्हणून काही गायकांनी मागं नुसता कोरस उभा करून गाणी रेकॉर्ड केली. शेवटी कंपन्या वाकल्या आणि विकल्या जाणाऱ्या रेकॉर्डमागं ठरावीक पैसे एका फंडात टाकायला तयार झाल्या. पुढं कायदा बदलला, तेव्हा १९४८ मध्ये त्याचा स्वतंत्र ट्रस्ट झाला. त्या पैशातून बागेत, शाळेत, इस्पितळात लोकांसाठी फुकट कार्यक्रम आणि वाजवणाऱ्याला युनियनच्या दरानं पैसे. म्हणजे ज्यानं काम खाल्लं त्याच्याकडूनच कामाचे पैसे काढले.

हसाल, पण आपल्याकडं हे का होऊ नये? ज्या मंडळाला डीजे लावायचाय त्यानं त्या बिलातला थोडा हिस्सा जिवंत वाजवणाऱ्यांच्या फंडात टाकावा. मंगल कार्यालयांनी टाकावा. कायदा नको, मध्यवर्ती मंडळांनी मनावर घेतलं तरी पुरे. लेझीमचा सराव महिनाभर करणारं गाव आहे हे, हौशीची कमी नाही.

आणि वेळ कुठली? चातुर्मास. आषाढी झाली की लगीनसराई संपते, ती थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. मधल्या गणपतीत डीजे बँडवाल्याचं काम खातो. हे चार महिने आमच्या घरात कसे जायचे ते मला माहीत आहे. मामंजी रंगकाम करायचे, त्यांचा ट्रम्पेटवाला मार्केट यार्डात हमाली. ओठाची सवय मोडते म्हणून तो दुपारच्या सुट्टीत नुसतं माउथपीस घेऊन फुर्र फुर्र करत बसायचा, बाकीचे हमाल त्याला वेडा म्हणायचे. जॅझमोबाइल उन्हाळ्यात फिरते, आपली गाडी चातुर्मासात फिरू दे. सोलापुरात पाऊस असा पडतो तरी कितीसा, की कार्यक्रम रद्द होईल!

जागा म्हणाल तर कुंभारीचं गोदूताई परुळेकर घरकुल आहे. २००६ साली विडी कामगार बायकांना १० हजार घरं मिळाली. त्यानंतर २०२४ मध्ये तिथल्याच रे नगर वसाहतीतली १५ हजार. मोठ्या तालुक्याच्या गावाएवढी वस्ती झाली, पण शहरातल्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात नाटक-गाणं ऐकून रात्री तिथं परत जायचं म्हणजे रिक्षाचेच पैसे तिकिटाएवढे. मग गाडीच तिकडं न्या, आणि रात्री नको, दुपारी तीन-चारला. त्या वेळी बायका दारात बसलेल्या असतात, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. हात थांबवून टाळ्या वाजवतील ही अपेक्षा धरू नका. हजार विड्यांमागं मजुरी असते, हात थांबला की ती थांबते. त्या न बघता वळतील आणि ऐकतील. बऱ्याच जणींची घरची भाषा तेलुगू, म्हणून तेलुगू गाणं मागतील, ते वाजवा. "आम्ही जॅझचा परिचय करून देणार आहोत" असं माइकवर कुणी म्हटलं तर मीच वायर काढीन.

'तिथं चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि तुम्ही पिपाणी घेऊन निघालात' असं एक काका म्हणालेच. पाण्यासाठी हंडा मोर्चा काढा, मी येते. पण डीजेची वर्गणी मागताना कधी कुणी पाण्याचं नाव काढलेलं ऐकलं नाही बाई. गरिबानं आधी पाणी, मग रस्ता, मग दवाखाना, आणि सगळं मिळाल्यावर गाणं, ही रांग श्रीमंत माणूस स्वतःसाठी लावत नाही.

मुंबईच्या बँडलाही बोलवा, माझी ना नाही. फक्त एका कार्यक्रमासाठी बोलवून, बॅनरपुढं फोटो काढून, रात्रीच्या गाडीनं परत पाठवू नका. दोन दिवस आमच्या लोकांबरोबर बसवा. त्यांना नोटेशन येतं, आमच्यांना कानानं येतं, कोण कुणाला काय शिकवतं ते बघू. आणि पाकिटं सारखी. 'स्थानिक कलाकारांना मानाचा फेटा' हा प्रकार मला चालणार नाही, फेट्यानं किराणा येत नाही.

ग्रुपला हे मान्य असेल तर बँडवाल्यांचे नंबर माझ्याकडं आहेत, बहुतेक सगळे चालू आहेत. पण विचारायचं ते आषाढीच्या आत. नंतर त्यातले दोघं पुण्याला वॉचमनकीला जातात.