भिंतीवर टांगलेले गाणे

जळगावातील दिवाणखान्याच्या भिंतीवर कुलदैवत, दिवंगत वडीलधारी मंडळी आणि पतपेढीचे कॅलेंडर यांचा वहिवाटीचा हक्क असतो. या तिघांना थोडे सरकवून पुण्याच्या पुतण्याने पाठवलेली दोन प्रिंट्स लावण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्यात व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या ‘द स्टारी नाइट’मधील आकाश होते आणि त्यातील भोवऱ्यांच्या वळणांवरून डॉन मॅकलीनच्या ‘व्हिन्सेंट’ या गाण्याच्या ओळी बारीक अक्षरांत छापल्या होत्या. दुसऱ्यात मोनालिसाला हेडफोन घातला होता आणि तिच्यामागे तबकडी फिरत होती, कारण नॅट किंग कोलने १९५० साली तिच्या नावाचे गाणे गाऊन ठेवले आहे.

फ्रेमवाल्याने मोनालिसाकडे आदराने पाहिले आणि आवाज खाली आणून विचारले, ‘‘नाना, खाली नाव आणि तारीख टाकायची ना?’’ त्यांना जाऊन पाचशे वर्षे होत आली, असे मी सांगितल्यावर तारखेचा आग्रह त्याने सोडला. हाराचा खिळा मात्र फुकट ठोकून दिला. काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटची पट्टी घालतात, म्हणजे ओल धरून कागद काचेला चिकटत नाही; परंतु देवांना ती कधी लागली नाही, या युक्तिवादापुढे माझे काही चालले नाही. पुढे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे निघाला, समोरचा कुलर रात्रंदिवस चालू लागला आणि व्हॅन गॉगच्या आकाशात त्याने न काढलेल्या काही लाटा उमटल्या. त्या मूळच्या भोवऱ्यांत इतक्या बेमालूम मिसळल्या की कोणाला दोष काढता आला नाही. मोनालिसा मात्र एका गालावर सुजली.

हे सर्व सोसता येते. सोसवत नाहीत ते पाहुणे. अशा प्रिंटची खरी गोम तिच्या वंशावळीत आहे. चित्र आजोबा, त्यावरचे गाणे मुलगा आणि त्या गाण्यावरचे प्रिंट हा नातू. नातवाला घरात घेतले की चहा थंड होईपर्यंत आजोबांची ओळख करून देणे यजमानाच्या नशिबी येते. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून १८९४ पासून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या. पण ‘या कोण’ असे विचारून त्यांच्या मालकाला कोणी छळल्याचे ऐकिवात नाही.

पारोळ्याच्या जिजींनी चष्मा पुसून ‘‘हाई काय शे रे भाऊ?’’ असे विचारले, तेव्हा मी पहिल्यापासून सुरुवात केली: हे चित्र १८८९च्या जूनमधले, सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयाच्या खिडकीतून दिसलेल्या आकाशाचे; खालचे गाव मात्र तिथून दिसत नव्हते, ते चित्रकाराने मनाने घातले; आणि गाणे १९७१चे. यातील मनोरुग्णालय तेवढे जिजींच्या लक्षात राहिले आणि ते चित्र देवघराच्या भिंतीपासून लांब हलवावे लागले. गाव मनाचेच असेल तर ते पारोळे धरायला हरकत नाही, एवढी सवलत त्यांनी जाताना दिली.

चाळीसगावचे मेहुणे तर चित्राशी थेट स्पर्धेत उतरले. त्यांच्या गावी टेबलटॉप, म्हणजे टेबलावर छोट्या वस्तूंचे देखावे मांडून केलेल्या छायाचित्रणासाठी नावाजलेले केकी मूस अनेक वर्षे घराबाहेर न पडता राहिले आणि प्रेयसी येईल म्हणून रोज पंजाब मेलची वाट पाहत, अशी आख्यायिका आहे. कान कापून घेणाऱ्या व्हॅन गॉगवर गाणे होते, मग मूससाहेबांवर का नाही, असा मेहुण्यांचा रोखठोक सवाल होता आणि जणू ते गाणे मीच अडवून धरले आहे, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिले. प्रश्न मला रास्त वाटला. पण मेहुण्यांसमोर तसे कबूल करण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

इकडे फ्रेमवाल्याला मोनालिसा आवडली. तिचा फोटो काढून त्याने एक प्रत दुकानात दर्शनी लावली आहे आणि गिऱ्हाइकाने अर्थ विचारला की तो माझा मोबाइल नंबर देतो. परवा ऐन दुपारी धरणगावहून एका गृहस्थांचा फोन आला. बाई हेडफोनवर नेमके कोणते गाणे ऐकत आहेत, एवढेच त्यांना हवे होते. मी त्यांना पुतण्याचा नंबर दिला.