ग्रँड ज्युरी न्यायाधीशांच्या हातचं बाहुलं नाही

"कॅलिफोर्नियातली सिव्हिल ग्रँड ज्युरी न्यायाधीश सांगतील त्याचीच चौकशी करते," असा मेसेज फिरतोय. हे साफ चूक आहे. ही ज्युरी म्हणजे काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) सरकारी कारभाराची चौकशी करणारं सामान्य नागरिकांचं मंडळ. न्यायाधीश अर्जदारांना पारखतात, पण बहुतेक काउंटींत १९ जणांची अंतिम निवड चिठ्ठ्या काढून होते. फोरपर्सन (ज्युरीचा प्रमुख) नेमणं, कर्तव्यं समजावणं, अडलं तर कायद्याचा सल्ला देणं हे काम त्यांचं. कुठल्या खात्याची फाइल उघडायची, ते मात्र ज्युरीच ठरवते. सल्ल्यासाठी बोलावल्याशिवाय न्यायाधीश तिच्या बैठकीत बसूही शकत नाहीत. अहवाल आधी त्यांच्याकडे जातो, तो कायद्याच्या चौकटीत आहे का एवढंच पाहायला. निष्कर्ष पटले नाहीत म्हणून त्यांना तो अडवता येत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे १९७५ सालीच स्पष्ट केलंय. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की काउंटीचा कारभार पाहणाऱ्या बोर्डाला अहवालावर ९० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, तेही न्यायाधीशांकडेच.