अँटिबायोटिक, दूध आणि आप्पांचा मेसेज

आमच्या रामबागेतल्या मंडळाच्या ग्रुपवर आप्पांनी परवा एक मेसेज टाकला, आणि संध्याकाळपर्यंत तोच मला आणखी तीन ठिकाणांहून आला. त्याचं सार असं: अँटिबायोटिक सगळी उष्ण, जुलाब झाले की औषध मानवलं नाही असं समजून लगेच बंद करा, दुधाबरोबर घेतलं की बाधत नाही, एकदा पुरळ उठलं की जन्मभर पेनिसिलिन वर्ज्य. मी इंदूरच्या दवा बाजारात 23 वर्षं काउंटरमागे उभा होतो. आप्पा वडीलधारे आहेत, पण गप्प बसवेना.

उष्ण-थंडाच्या वादात शिरत नाही. मेट्रोनिडाझोलनं तोंड कडवट-धातूसारखं होतं, टीबीच्या रिफाम्पिसिननं लघवी आणि घामसुद्धा नारिंगी होतो. दिसायला भयंकर, पण निरुपद्रवी. प्रत्येक औषधाची खोड वेगळी. ‘सगळी अँटिबायोटिक’ इथंच मेसेज घसरला.

आता जुलाब. अमॉक्सिसिलिनबरोबर क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असलेली गोळी घेतली की पुष्कळांचं पोट सैल होतं. आतड्यातले उपयोगी जंतूही मरतात आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड स्वतःही पोटाला त्रास देतं. ही गोळी जेवायला बसताना घ्यावी, त्रास कमी होतो. दिवसातून एक-दोनदा पातळ झालं तर पाणी, ओआरएस घ्या, डॉक्टरांना फोन करून विचारा; आपल्या मनानं कोर्स मोडू नका. मात्र पाण्यासारखे जुलाब पुन्हापुन्हा होत असतील, सोबत ताप, पोटात कळा किंवा रक्त असेल, तर वाट पाहू नका. क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल नावाचा जंतू अशा वेळी आतड्यात माजतो, आणि हे कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही होऊ शकतं. तेव्हा जुलाब थांबवणारी गोळी परस्पर घेणं घातक. मेसेजमध्ये याचा उल्लेखच नाही.

दुधाचा सल्ला तर मला सगळ्यांत जास्त खटकला. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन दुधातल्या कॅल्शियमला चिकटतात, मग औषध रक्तात कमी पोचतं. (आपल्या इंदुरी शिकंजीतही दूधच असतं; लिंबूपाणी समजून तिच्यासोबत गोळी घेऊ नका.) लोह-कॅल्शियमच्या गोळ्या आणि ॲसिडिटीचं औषध यांचंही तेच, मधे काही तासांचं अंतर हवं. साध्या अमॉक्सिसिलिनला दुधानं काही फरक पडत नाही. म्हणजे पाकिटावरचं नाव वाचल्याशिवाय ‘दुधाबरोबर घ्या’ म्हणताच येत नाही. डॉक्सिसायक्लिनची खरी काळजी निराळी आहे. माझ्या मावशीनं रात्री कॅप्सूल एका घोटात गिळली आणि लगेच आडवी झाली. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून आतून भाजल्यासारखं झालं, आठ दिवस घास उतरेना. पेलाभर पाणी प्या आणि निदान अर्धा तास बसून राहा, एवढंच सांगायला हवं होतं तिला. हे सांगणं माझंच काम होतं, तेव्हा सांगितलं नाही.

पुरळाबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. गोळीनंतर थोड्याच वेळात अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास घुसमटला, तर औषध बंद आणि थेट इमर्जन्सीत. कातडी सोलवटली, तोंडात फोड आले, तरीही तसंच. पण लहानपणी तापात कधीतरी ठिपके आले म्हणून पेनिसिलिनची ॲलर्जी पक्की होत नाही. ते विषाणूचं पुरळही असू शकतं. ॲलर्जी आहे असं सांगणाऱ्यांची रीतसर तपासणी केली तर 10 पैकी 9 जणांना पेनिसिलिन चालतं. तपासणी न करता शिक्का मारला की पुढं त्यांच्या वाट्याला जास्त महागडं, कधी जास्त त्रासदायक औषध येतं. तपासणी डॉक्टरांकडेच, घरी एक गोळी खाऊन नव्हे.

आणि जे मेसेजनं टाळलं, ते सांगतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटानं टाचेमागची जाड शीर (रक्तवाहिनी नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारी दोरी) सुजू शकते, क्वचित तुटतेही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2008 मध्ये यावर चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला. साठीपुढच्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका जास्त. अशी गोळी चालू असताना टाचेमागं दुखू लागलं तर पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, पायावर जोर देऊ नका. मंडळात साठीपुढचे किंवा स्टेरॉइड घेणारे सात-आठ जण तर नक्की आहेत. आप्पा, दम्यासाठी तुम्ही कधी कधी ज्या बारीक पांढऱ्या गोळ्या घेता, त्या स्टेरॉइडच्या असू शकतात; त्यांचं नाव पुढच्या वेळी डॉक्टरांना आधी सांगा.