‘बघून घेणे घेणाऱ्याचे काम’ हे अर्धेच खरे आहे

आमच्या बेळगाव-खानापूर भागात सध्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो आहे. स्वतःचे घर विकणाऱ्यावर त्यातील दोष सांगण्याचे कायदेशीर बंधन नाही, ईसी (नोंदणी कार्यालयातून मिळणारे बोजा प्रमाणपत्र) निरंक असली की प्रश्न मिटला, ‘आहे त्या स्थितीत’ असे लिहिले की विक्रेता सुटला आणि रजिस्ट्री झाल्यावर कोणी काही करू शकत नाही, असा त्याचा सारांश आहे.

यातील पहिले विधान मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 शी सरळ विसंगत आहे. मालमत्तेतील किंवा मालकी हक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक आहे, खरेदीदाराला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला कळण्यासारखा नाही, तो उघड करणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे, आणि तो न सांगणे हे त्याच कलमाच्या शेवटी कपटाचे कृत्य मानले आहे. भिंतीला गेलेला उभा तडा कोणालाही दिसतो, तेथे मजकूर खरा ठरतो. परंतु शहापुरातल्या एखाद्या जुन्या घरात आड बुजवून त्यावर फरशी घातलेली असेल, तर खरेदीदाराने ती फरशी उखडून पाहावी अशी अपेक्षा कायदा करत नाही. हा केंद्राचा कायदा असल्याने महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा नियम, असेही नाही.

ईसीबद्दलचा गैरसमज अधिक महागात पडणारा आहे. तिच्यात मागितलेल्या कालावधीतील नोंदणीकृत व्यवहारच दिसतात. तोंडी वाटणी, बहिणीचा न दिलेला हिस्सा किंवा न्यायालयात चालू असलेला वाटणीचा दावा तिच्यात दिसेलच असे नाही. त्यातही दावा प्रलंबित असताना घेतलेल्या मालमत्तेवर याच कायद्याच्या कलम 52 नुसार त्या दाव्याचा निकाल सर्वसाधारणपणे बंधनकारक होतो, म्हणजे विक्रेत्याच्या मौनाची किंमत खरेदीदार मोजतो.

वेगळा करार करण्यास कलम 55 मध्ये वाव आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही ‘आहे त्या स्थितीत’ या तीन शब्दांआड जाणूनबुजून केलेली लपवाछपवी टिकेल, असे समजणे धाडसाचे आहे. शिवाय आपल्याकडे खरेदीपत्र बहुधा कन्नडमध्ये असते आणि मालमत्ता बोजाविरहित व वादमुक्त असल्याची हमी त्यात नेहमीच्या मजकुराप्रमाणे येते. ते वाचता न येणारा मराठी विक्रेता बाँड रायटरने (दस्त लिहिणाऱ्याने) बोट ठेवलेल्या जागी सही करतो आणि जे तोंडाने सांगायचे टाळले त्याच्या उलट लिहून देतो. संचकार (विसार रक्कम) घेतानाच तो मसुदा मराठीत समजावून घ्यावा.

राहिली रजिस्ट्री. मुदत कायदा, 1963 च्या कलम 17 नुसार, कपटावर आधारलेल्या दाव्याची मुदत ते कपट उघडकीस आल्यापासून, किंवा योग्य दक्षतेने उघडकीस येऊ शकले असते तेव्हापासून मोजली जाते, रजिस्ट्रीच्या तारखेपासून नव्हे.