पत्रिकेत नाव नाही

आईला ओव्यांची एक जुनी छापील पुस्तिका मोबाइलवर हवी होती. पानं चाळीस. फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करून देणारं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर मला ठाऊक होतं. माझ्या मशीनवरच्या उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमवर ते एका कमांडीत आयतं बसतं. पण आयतं घेईल तो प्रोग्रामर कसला! "ताजी आवृत्ती सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडपासून, बिल्ड करतो, संध्याकाळी देतो," असं मी आईला सांगून बसलो. कुठल्या वारची संध्याकाळ, ते मात्र बोललो नव्हतो.

पहिल्याच झटक्याला कोडचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणारा कंपायलर म्हणाला, 'झेडलिब डॉट एच' सापडत नाही. अरे, झेडलिब, म्हणजे डेटा दाबून लहान करणारी तयार कोडची लायब्ररी, मशीनवर आहे! दहा प्रोग्राम तिच्या जिवावर चाललेत! तासाभराने उलगडा झाला. उबुंटूत लायब्ररी एका पॅकेजात आणि तिची हेडर फाइल (तिच्यात काय काय आहे त्याची यादी) दुसऱ्या, 'डेव्ह' शेपटीच्या पॅकेजात. म्हणजे पाहुणा मांडवात बसून जिलबी खातोय, पण पत्रिकेत नाव नाही म्हणून कंपायलर त्याला ओळख दाखवत नाही. बरं, कोण कोण राहिलंय ते एकदम सांगेल तर शपथ. एका आत्याचा रुसवा काढावा, तोवर दुसरी कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेली.

सगळी हेडरं जमली, तर तयार तुकडे एकत्र जोडणारा लिंकर अडला. 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. आता पत्रिकेत नाव आहे, माणूस गायब! खरं तर तोही आलेला होता, पण मी त्याला रांगेत पुढे उभं केलं होतं. स्टॅटिक (प्रोग्राममध्येच जोडली जाणारी) लायब्ररी ती वापरणाऱ्या फाइलीच्या नंतर सांगावी लागते. आधी सांगितली तर लिंकर "तूर्त काम नाही" म्हणून पुढे निघून जातो. मानपान फक्त आपल्याकडेच असतो असं कोण म्हणतं?

मग एका जुन्या सी लायब्ररीत एकाच नावाचे दोन नवरदेव निघाले, म्हणजे एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन फाइलींत. जीसीसी या कंपायलरची 10 वी आवृत्ती 2020 साली येईपर्यंत हे खपून जात होतं म्हणे. 'मेक' या बिल्ड करणाऱ्या प्रोग्रामला सूचना देणाऱ्या मेकफाइलमध्ये दुरुस्ती करायला गेलो, तर ओळीच्या सुरुवातीला सक्तीच्या टॅबऐवजी स्पेस पडली आणि 'मिसिंग सेपरेटर'! 'मेक' 1976 साली लिहिणाऱ्या स्टुअर्ट फेल्डमन यांना टॅबची ही चूक लवकरच कळली होती. पण तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते, त्यांना कशाला त्रास, म्हणून ती तशीच राहिली. त्या डझनभरांना माझा नमस्कार सांगा.

वैतागून 'मेक'ला 'जे 8' दिलं, म्हणजे आठ कामं एकदम चालव. चार जीबीच्या मशीनवर आठ आचारी एकदम शिरले, मेमरी संपली आणि कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, एकाचा गळा धरला. शेवटच्या ओळीत नुसतं 'एरर 2'. खरं कारण दोनशे ओळी वर.

तिसऱ्या दिवशी रात्री बिल्ड झालं. आईला हाक मारली, पहिलं पान दिलं, एंटर दाबलं.

उत्तर आलं: मराठीची डेटा फाइल सापडत नाही.

मांडव सजला होता, वऱ्हाड जेवून तृप्त होतं, बँडवाले घामाघूम झाले होते. नवरीला आणायलाच कोणी गेलं नव्हतं.